अपडेटचा खर्च कुणाच्या खात्यावर?

लोकांचे पासवर्ड सांभाळणे हा लास्टपास या कंपनीचा व्यवसाय. माणसाने आपले सगळे पासवर्ड तिच्याकडच्या तिजोरीत ठेवायचे, त्या तिजोरीचा एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि निर्धास्त व्हायचे. ऑगस्ट २०२२मध्ये हल्लेखोर या कंपनीच्या एका डेव्हलपरच्या लॅपटॉपमधून आत शिरले आणि सोर्स कोडचा काही भाग घेऊन गेले. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनी दुसरा माणूस हेरला. ग्राहकांच्या बॅकअपच्या किल्ल्या कंपनीतल्या फक्त चार इंजिनिअरांच्या हाती होत्या. त्यांतल्या एकाच्या घरच्या संगणकावर प्लेक्स नावाचे, सिनेमे आणि गाणी लावण्याचे सॉफ्टवेअर होते. त्यात एक फट होती. प्लेक्सने ती मे २०२०मध्येच बुजवली होती, पण या संगणकावर ते अपडेट कधी चढलेच नाही. प्लेक्सने नंतर सांगितले, की त्या दुरुस्तीनंतर सुमारे ७५ आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. हल्लेखोरांनी त्या जुन्या फटीतून टंकलेले प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम बसवला, मुख्य पासवर्ड मिळवला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती उचलल्या. प्रती गेल्याचे डिसेंबरमध्ये कंपनीला जाहीरपणे सांगावे लागले.

त्या इंजिनिअरला बेफिकीर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपनीतला तो वरिष्ठ माणूस होता आणि अपडेट का करायचे हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. मग राहिले कुठे? ज्या संगणकावरून कंपनीच्या किल्ल्यांपर्यंत पोहोचता येत होते, त्या संगणकावर काय आहे आणि ते किती जुने आहे, हे पाहणे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. सॉफ्टवेअरच्या जगात हे सर्रास घडते. ग्राहकाला मिळणाऱ्या ॲपची दहा वेळा चाचणी होते. ते ॲप ज्या अवजारांनी घडते, त्यांच्याकडे मात्र ती मोडेपर्यंत कुणी पाहत नाही.

प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर नेमके असते तरी काय? कोड लिहिण्याचा एडिटर असतो, बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड, नाहीतर जेटब्रेन्सचा इंटेलिजे किंवा गूगलचा अँड्रॉइड स्टुडिओ. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट असते. कोड चालवणारे नोड किंवा जावा असते, इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजे आणून देणारे एनपीएमसारखे साधन असते, शिवाय कोडचे ॲप बनवणारे बिल्ड टूल. या सगळ्यावर चढवलेली वीस-तीस प्लग-इन वेगळीच. एक प्लग-इन कोडला रंग देते, एक चुका दाखवते, एक डेटाबेसमध्ये डोकावू देते, एक अर्धे वाक्य लिहिताच उरलेले सुचवते. कुणीतरी कॉलेजात असताना बसवलेले एखादे प्लग-इन आज बँकेचे ॲप लिहिताना त्याच एडिटरमध्ये चालू असते.

यातला धोका फार थोड्यांना ठाऊक आहे. मोबाइलवर ॲप बसवताना कॅमेरा वापरू का, संपर्क पाहू का, असे विचारले जाते. व्हीएस कोडचे प्लग-इन असे काही विचारत नाही. एडिटरला संगणकावर जे करता येते, ते सगळे त्याला करता येते. फायली वाचता येतात, इंटरनेटवर पाठवता येतात, दुसरे प्रोग्राम चालवता येतात. धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना कुणी कपाटाची किल्ली देत नाही. इथे मात्र रंगसंगती बदलणाऱ्या प्लग-इनलाही ती मिळते. आणि प्रोग्रामरच्या कपाटात त्याच्या एकट्याच्या वस्तू नसतात. सर्व्हरवर शिरण्याच्या एसएसएच किल्ल्या, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळात शिरू देणारी टोकन, क्लाउडचे पासवर्ड, कधी ग्राहकांच्या माहितीची चाचणीपुरती घेतलेली प्रतसुद्धा तिथे असते.

जून २०२४मधले जेटब्रेन्सचे प्रकरण पाहावे. या कंपनीच्या एडिटरांमध्ये गिटहबशी जोडून देणारे प्लग-इन असते. ते चालू असलेल्या, २०२३.१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांमध्ये एक दोष सापडला. आपल्या कोडमध्ये अमुक बदल घ्यावा, अशी विनंती बाहेरचा कुणीही गिटहबवर पाठवू शकतो. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. तिच्या मजकुरात विशिष्ट खोडसाळ आशय पेरला आणि प्रोग्रामरने ती विनंती एडिटरमध्ये उघडली, की त्याचे गिटहबचे टोकन परक्या सर्व्हरकडे जाऊ शकत होते. त्याने काही डाउनलोड केलेले नाही, संशयास्पद दुव्यावर बोट ठेवलेले नाही. सहकाऱ्याचे किंवा अनोळखी मदतनिसाचे काम तपासायला घेणे हा तर त्याच्या रोजच्या नोकरीचा भाग. कंपनीने दुरुस्ती दिली, प्लग-इनच्या जुन्या आवृत्त्या आपल्या बाजारातून काढल्या, आणि नुसते अपडेट करून थांबू नका, वापरात असलेली टोकनही रद्द करा, असे बजावले.

त्याच्या महिनाभर आधी, १४ मे २०२४ला, गिटची २.४५.१ ही आवृत्ती आली. तिने बुजवलेला एक दोष असा होता, की विंडोज किंवा मॅकवर एखादा प्रकल्प त्याच्या उपप्रकल्पांसह नुसता उतरवून घेतला, तरी त्यात लपवलेला कोड तिथल्या तिथे चालू शकत होता. म्हणजे प्रकल्प वाचूनही झालेला नसताना! नोकरीच्या मुलाखतीसाठी हा प्रकल्प उतरवून सोडवून दाखवा, असे सांगणारे मेल तरुण प्रोग्रामरांना नेहमी येतात. ज्याच्या लॅपटॉपवर जुने गिट आहे, त्याच्यासाठी तो मेल धोक्याचा ठरू शकतो.

एवढे सगळे माहीत असून अपडेट का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर आळसात शोधले तर चुकेल. पुण्यात हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात कुणालाही विचारावे. पहिले वाक्य ठरलेले आहे, ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ या वाक्यामागे अनुभव आहे. हात लावला की काहीतरी तुटते, तुटले की ते दुरुस्त करण्याचे तास कुठल्या टिकेटवर दाखवायचे हे कळत नाही, आणि शुक्रवारच्या रिलीजची तारीख जागची हलत नाही. टाइमशीटमध्ये नव्या फीचरला रकाना असतो, बगला रकाना असतो, मीटिंगलासुद्धा असतो. ‘नोडची आवृत्ती बदलली आणि त्यामुळे मोडलेले सगळे नीट केले’ याला बहुतेक ठिकाणी रकानाच नसतो.

नोडचेच उदाहरण घेऊ, कारण ते असंख्य प्रोग्रामरांनी स्वतः सोसले आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये नोडची १७वी आवृत्ती आली. तिच्यात सांकेतिकीकरणाचे काम करणारे ओपनएसएसएल तिसऱ्या पिढीचे होते, आणि या पिढीने एमडी-४ हे जुने, कमकुवत गणित नेहमीच्या वापरातून बाजूला काढले होते. वेबपॅक या लोकप्रिय बिल्ड टूलची चौथी आवृत्ती फायलींना खुणा देण्यासाठी नेमके तेच गणित वापरत होती. त्यामुळे नवे नोड बसवून कालपर्यंत चाललेला प्रकल्प चालू करावा, तर पडद्यावर लाल अक्षरांत ‘अनसपोर्टेड’ असा संदेश येऊन सगळे ठप्प. खरा उपाय वेबपॅक पाचव्या आवृत्तीवर नेण्याचा. पण तिथे जायचे तर वेबपॅकवर चढवलेली जुनी प्लग-इन चालत नाहीत. त्यांतली काही त्यांच्या लेखकांनी सोडून दिलेली असतात, मग त्यांना पर्याय शोधा, पुन्हा चाचणी करा. तीन-चार दिवसांचे काम. दुसरा उपाय एका ओळीचा होता. नोडला सुरू करताना ‘जुनी पद्धत चालू दे’ अशी सूचना द्यायची. शेकडो ठिकाणी हाच सल्ला मिळाला, लोकांनी ती ओळ चिकटवली आणि पुढच्या कामाला लागले.

ती ओळ घालणाऱ्याला दोष देता येत नाही. संध्याकाळी सातला डेमो असताना दुसरे कुणी काय करणार? दोष आहे तो दुसऱ्या दिवशीचा. ‘काल आपण तात्पुरता जुगाड केला, तो नीट करायला तीन दिवस हवेत’, असे म्हणायला त्याला जागा नव्हती. तात्पुरत्या ओळी मग वर्षानुवर्षे राहतात. मधल्या काळात नोडच्या १६व्या आवृत्तीची मुदत सप्टेंबर २०२३मध्ये संपली, १८व्याची एप्रिल २०२५मध्ये. मुदत संपलेल्या आवृत्तीत नवा दोष सापडला, तर मूळ प्रकल्पाकडून त्याची दुरुस्ती येत नाही.

मोठ्या कंपन्यांमध्ये आणखी एक अडसर असतो. लॅपटॉपवर काहीही बसवायचे तर परवानगी लागते. प्रोग्रामर टिकेट टाकतो, ते मंजुरीसाठी फिरते, मंजूर यादीत जुनीच आवृत्ती असते. सुरक्षेसाठी घातलेले कुंपण असे सुरक्षेच्या आड येते. अडवणूक फार झाली की माणूस वाट शोधतोच, आणि ती वाट कुठे नेते हे २०१५मध्ये चीनमध्ये दिसले. आयफोनची ॲप बनवण्याचे एक्सकोड हे अवजार ॲपलकडून फुकट मिळते, पण ते काही जीबींचे असते आणि चीनमधून ॲपलच्या सर्व्हरवरून ते फार हळू उतरत असे. म्हणून अनेक चिनी प्रोग्रामरांनी बायडूच्या क्लाउडवर कुणीतरी ठेवलेली प्रत घेतली. ती प्रत विषारी होती. तिच्यातून बनलेल्या प्रत्येक ॲपमध्ये, प्रोग्रामरच्या नकळत, हेरगिरीचा कोड शिरत होता. वीचॅटसारख्या ॲपची एक आवृत्तीही त्यात सापडली. एक्सकोडघोस्ट या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. नंतर अमेरिकेतल्या एका खटल्यात ॲपलचे अंतर्गत मेल उघड झाले. त्यांनुसार अडीच हजारांहून अधिक बाधित ॲप सुमारे १२ कोटी ८० लाख लोकांनी उतरवली होती. ॲपलने यानंतर एक्सकोड चीनमधल्याच सर्व्हरवरून देण्याची व्यवस्था करू, असे सांगितले. उपाय तोच होता. अधिकृत वाट सोपी केल्याशिवाय चोरवाट बंद होत नाही.

अपडेट टाळण्याची किंमत फक्त प्रोग्रामर मोजतो असेही नाही. महाराष्ट्रातल्या ठेकेदारांना ई-निविदांचे दिवस आठवत असतील. निविदा भरायला डिजिटल सही लागायची आणि ती सही बरीच वर्षे ब्राउझरमधल्या जावा ॲपलेटच्या भरवशावर चालायची. गूगल क्रोमने अशा जुन्या धाटणीच्या प्लग-इनचा आधार सप्टेंबर २०१५मध्ये काढला, फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये. उरला इंटरनेट एक्सप्लोरर. जावाची अमुक आवृत्ती ठेवा, सुरक्षेची पातळी खाली आणा, या संकेतस्थळाला अपवादाच्या यादीत टाका, अशा सूचना पाळत लोकांनी निविदा भरल्या. लाखांची अनामत रक्कम भरायच्या संगणकावर सुरक्षा मुद्दाम सैल करून घ्यायची, हे गैरच होते. वापरणाऱ्याचा त्यात काही अपराध नव्हता.

हे फक्त भारतात झाले असेही नाही. ॲडोबीने फ्लॅश हे ब्राउझरमधले प्लग-इन ३१ डिसेंबर २०२०ला बंद केले. तशी घोषणा जुलै २०१७मध्येच झाली होती, म्हणजे हाताशी तीन वर्षांहून अधिक वेळ होता. तरीही जानेवारी २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याला, उरलेले फ्लॅशमधले करअर्ज उघडता यावेत म्हणून, स्वतःचा वेगळा ब्राउझर लोकांना द्यावा लागला. तीन वर्षांत जे काम थोडे थोडे करता आले असते, ते टाळल्याची भरपाई एका सरकारी ब्राउझरने करावी लागली.

तरीसुद्धा ‘सगळे आपोआप अपडेट होऊ द्या’ हा सल्ला आज डोळे झाकून देता येत नाही, हे इथे स्पष्ट म्हणायला हवे. २०२४ आणि २०२५मध्ये या बाजूनेही मोठे तडाखे बसले.

मार्च २०२४मध्ये एक्सझेडचा कट उघडकीस आला. लिनक्समधल्या, फायली दाबून लहान करणाऱ्या या साध्या साधनात ‘जिया टान’ हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोनेक वर्षे नेकीने काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये सर्व्हरमध्ये शिरण्याची चोरवाट घातली. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे, पोस्टग्रेस डेटाबेसचे जाणकार आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. ते कारण शोधत गेले आणि २९ मार्चला त्यांनी ते जगासमोर ठेवले. तोवर ताज्यात ताजी आवृत्ती घेणाऱ्यांकडेच ती चोरवाट पोहोचली होती. डेबियन या लिनक्सची स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले.

पुढच्या वर्षी, २६ ऑगस्ट २०२५ला, एनएक्स या बिल्ड टूलच्या काही आवृत्त्यांमध्ये विष कालवले गेले. प्लग-इन वापरणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण समजून घ्यावे असे आहे. त्या आवृत्त्या एनपीएमवर साधारण पाच तासच होत्या. संगणकावर उतरताच त्या टोकन, किल्ल्या आणि क्रिप्टो पाकिटे शोधायच्या आणि सापडलेला माल प्रोग्रामरच्याच गिटहब खात्यावर, सगळ्यांना दिसेल असा, नवी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचे भांडार, उघडून टाकायच्या. संगणकावर एआयची सहायक साधने असतील, तर शोधकामाला त्यांनाही जुंपायच्या. या पाच तासांत ज्यांनी स्वतः एनएक्स बसवले नव्हते, त्यांच्यापैकीही काही जण सापडले. कारण एडिटरमधले एनएक्स कन्सोल हे प्लग-इन, एडिटर उघडला की नवी आवृत्ती आली का हे पाहण्यासाठी, ताजे एनएक्स आपणहून उतरवत होते. माणसाने सकाळी एडिटर उघडला, एवढाच त्याचा सहभाग.

त्यानंतर दोन आठवड्यांतच, ८ सप्टेंबरला, चॉक आणि डीबग यांच्यासह १८ पॅकेजांवर घाला पडला. या पॅकेजांची मिळून आठवड्याला २०० कोटींहून अधिक डाउनलोड होतात. त्यांच्या देखभालकर्त्याला एनपीएमच्या नावाने बनावट मेल आला होता. दोन टप्प्यांच्या लॉगिनची माहिती अपडेट करा, नाहीतर खाते बंद होईल, असा मजकूर होता. अपडेटच्या आग्रहालाच चोराने हत्यार बनवले. बाधित आवृत्त्या सुमारे दोन तासांत हटल्या.

दोन तास, पाच तास. यातच व्यवहार्य उत्तराचा एक भाग आहे. अशा बहुतेक विषारी आवृत्त्या फार काळ टिकत नाहीत, कारण त्यांच्यावर डोळे ठेवून बसलेले लोक जगभर आहेत. म्हणून नेहमीची नवी आवृत्ती निघाल्यावर चार-सहा दिवस थांबून घेतली, तर नुकसान काहीच नाही आणि बचाव मोठा आहे. पॅकेजे आणून देणाऱ्या पीएनपीएम या साधनाने सप्टेंबर २०२५मध्येच त्यासाठी सोय केली. अमुक वेळ लोटल्याशिवाय कुठलेही नवे पॅकेज घेऊ नकोस, असे त्याला सांगता येते. थांबण्याचा हा नियम सुरक्षेच्या जाहीर दुरुस्तीला मात्र लागू होत नाही. दोष छापून आला की चोरही तोच मजकूर वाचतात. जेटब्रेन्सच्या प्लग-इनसारखी दुरुस्ती त्याच दिवशी घ्यावी लागते.

यातले कुठले अपडेट आज, कुठले पुढच्या आठवड्यात आणि कुठले प्लग-इन मुळातच नको, हे ठरवायला माणूस लागतो. त्याने सूचना वाचायला हव्यात, प्रयोगाच्या संगणकावर आधी लावून पाहायला हवे, मोडले तर मागे यायची वाट ठेवायला हवी. डिपेन्डाबॉटसारखी साधने आठवण करून देतात, पण शंभर आठवणींपैकी महत्त्वाची कुठली हे त्या प्रकल्पाची ओळख असलेल्यालाच कळते. आठवणींचा ढीग साचला की लोक तो एकदम मिटवून टाकतात आणि गरजेची सूचना त्याच ढिगात जाते. हे सगळे काम आहे. कामाला तास लागतात, तासांना पैसे लागतात. प्रोग्रामरने हे स्वतःच्या शिस्तीखातर, जेवणाच्या सुट्टीत उरकावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या कंपनीला सुरक्षितता फुकट हवी असते, आणि ती फुकट मिळत नाही.

लहान व्यावसायिकांची अडचण आणखी खरी आहे. महाराष्ट्रात पतसंस्था, शाळा, दवाखाने, गृहनिर्माण संस्था यांची ॲप बनवणारे दोन-चार जणांचे गट गावोगावी आहेत. ॲप बनवून दिले, पैसे घेतले, व्यवहार संपला. तीन वर्षांनी संस्थेचा फोन येतो, ‘फक्त एक बटण वाढवायचंय.’ प्रकल्प उघडावा तर तो उघडतच नाही. गूगल प्लेने ३१ ऑगस्ट २०२५पासून नव्या ॲपला आणि जुन्याच्या अपडेटला अँड्रॉइड १५ हे लक्ष्य ठरवायला सांगितले. त्यासाठी अँड्रॉइडचे बिल्ड प्लग-इन नवे हवे. त्याच्या आठव्या पिढीला ग्रेडल हे बिल्ड टूलही आठवे लागते आणि जावा १७ लागते. जुनी पॅकेजे जिथून यायची, ते जे-सेंटर हे भांडार बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१मध्येच झाली होती. म्हणजे त्या एका बटणाआधी दहा-बारा ठिकाणी हात घालावा लागतो, आणि एक गाठ सोडवली की दुसरी आवळते. ग्राहकाला वाटते हा माणूस पैसे उकळतो आहे. प्रोग्रामरला वाटते ग्राहकाला कशाचीच कदर नाही. दोघांचे भांडण लागते. पण दर तीन-चार महिन्यांनी अर्धा-एक दिवस दिला असता, तर या गाठी बसल्याच नसत्या. वरच्या पायरीवर एकेक पाऊल टाकत जाता येते, तीन मजले एकदम उडी मारता येत नाही, हे त्या ग्राहकाला सुरुवातीलाच समजावून सांगण्याचे काम मात्र प्रोग्रामरचे आहे, आणि तिथे पुष्कळ जण कमी पडतात. काम हातचे जाईल या भीतीने देखभालीचा आकडा कोटेशनमध्ये लिहिलाच जात नाही.

सुरक्षेची जबाबदारी ठरवण्याच्या दिशेने कायदा सरकतो आहे, पण अर्ध्यावर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३मध्ये झालेल्या कायद्यात, वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २०२२पासून सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले आहे. सॉफ्टवेअरमध्ये कुठले घटक वापरले याची यादी ठेवण्याबद्दल तिने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही काढली. ही यादी अतिशय उपयोगी आहे. फक्त तिच्यात ग्राहकाला दिलेल्या वस्तूतले घटक येतात. ती वस्तू घडवणाऱ्याच्या एडिटरमध्ये कुठली प्लग-इन होती, हे तिच्यात येत नाही. लास्टपास आणि एनएक्स या दोन्ही प्रकरणांत वार झाला तो घडवणाऱ्याच्या संगणकावर. कार्यालयातल्या प्रत्येक प्रोग्रामरच्या संगणकावर कुठले अवजार, कुठली आवृत्ती आणि कुणाच्या मंजुरीने, याची साधी नोंद ठेवायला कुठल्याही सरकारी परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. एका दुपारचे काम आहे. यादी केली की निम्मी प्लग-इन कुणी वापरतच नाही हे लक्षात येते, आणि जे काढून टाकले त्याला अपडेट लागत नाही.

ही अवजारे लिहिणाऱ्यांचा विचारही यात यायला हवा. एक्सझेडची देखभाल अनेक वर्षे एकच माणूस, आपल्या फावल्या वेळात, करत होता. काम लवकर होत नाही म्हणून प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर त्याला टोचणारे लोक होते आणि त्याच दबावातून त्याने मदतीला आलेल्या परक्याच्या हाती अधिकार दिले. जगभरातल्या कंपन्या त्या साधनावर उभ्या होत्या. बेंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर देणारा निधी सुरू केला, हे कौतुकास्पद आहे. पुण्यातल्या ज्या कंपन्या याच फुकट साधनांवर परदेशी ग्राहकांची बिले करतात, त्यांनी आपल्या ताळेबंदात अशी एखादी ओळ का ठेवू नये? फुकट मिळालेल्या दुरुस्त्याही कुणीतरी रात्री जागून लिहिलेल्या असतात.

तेव्हा सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या संस्थांच्या संचालकांना, शाळांच्या विश्वस्तांना, कारखान्यांच्या मालकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ॲपचे किंवा संकेतस्थळाचे कोटेशन हाती आले, की खालच्या एकूण रकमेवर नजर टाकण्याआधी देखभालीची ओळ शोधा. वर्षातून किती वेळा अवजारे आणि पॅकेजे तपासणार, सुरक्षेची दुरुस्ती आल्यावर किती दिवसांत लावणार, आणि हे कोण करणार, त्याचे नाव काय, एवढे लेखी मागा. ती ओळ नसेल तर ती घालायला सांगा आणि तिचे पैसे द्या. ज्या प्रोग्रामरने ती न मागता घातली असेल, त्याचा आकडा शेजारच्यापेक्षा थोडा जास्त असला तरी काम त्यालाच द्या.